बार्शी लाईट : मालाच्या वाटेने
(प्रस्तावना)

बार्शी लाईट म्हटले की सोलापूर, धाराशिव, लातूर, सांगली या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना आधी वारी आठवते. टपापर्यंत भरलेले डबे, खिडक्यांतून बाहेर आलेल्या पताका, टाळांचा आवाज आणि चढणीवर धापा टाकणारे छोटे इंजिन. या गाडीवर मराठीत जे काही लिहिले-बोलले गेले, त्यात हेच चित्र पुन्हा पुन्हा येते. चित्र खरे आहे आणि ते जपलेही पाहिजे. पण ही गाडी वारीसाठी सुरू झाली नव्हती. १८९७ साली ती पहिल्यांदा धावली, तेव्हा तिचे रूळ पंढरपूरच्या दिशेला वळलेलेही नव्हते. मोठ्या लाईनीवरच्या कुर्डुवाडीहून ते बार्शीकडे गेले होते, आणि बार्शीत होता कापूस. पंढरपूरला गाडी पोचली १९०६ साली. मधली नऊ वर्षे या रेल्वेने मुख्यतः मालावर काढली.

म्हणून हे पुस्तक मालाच्या बाजूने लिहिले आहे. प्रवासी जातो तसा परतही येतो. त्याच्या तिकिटांवरून मुलखाच्या संसाराचा पुरता अंदाज लागत नाही. मालाचे तसे नाही. वाघीण कुठे भरली, कुठे रिकामी झाली आणि परत येताना तिच्यात काय होते, एवढे तीन प्रश्न विचारले की त्या मुलखात काय पिकते, काय कमी पडते, पैसा कुणाकडे जातो आणि कर्ज कुणाच्या माथी राहते, हे सगळे उलगडू लागते. बार्शी लाईटच्या सव्वाशे वर्षांत भरलेल्या वाघिणींची दिशा अनेकदा बदलली. त्या बदलांचा माग काढणे हाच या लेखनामागचा हेतू आहे.

आधी मुलूख समजून घेऊ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची लाईन १८६० साली पुण्याकडून सोलापूरला पोचली. ती भीमेच्या खोऱ्यातून गेली आणि बार्शी वीस-बावीस मैल बाजूला राहिली. तरी कुर्डुवाडीच्या स्टेशनाला नाव दिले गेले ‘बार्शी रोड’. कुर्डुवाडी तेव्हा लहानसे गाव होते आणि व्यापारी जगाला ठाऊक होती ती बार्शी. बालाघाटाच्या पायथ्याची, इंग्रजी मुलखाच्या अगदी काठावरची ही पेठ होती. पलीकडे निजामाचे राज्य सुरू होई. घाटावरचा कापूस, जवस, करडई, ज्वारी, तूर असा सारा माल करोडगिरीच्या नाक्यांवर जकात भरून बैलगाड्यांनी खाली बार्शीत उतरे. इथे त्याचा भाव ठरे, अडत कापली जाई, हुंडी लिहिली जाई आणि मग माल मुंबईच्या वाटेला लागे. ‘बार्शी तिथे सरशी’ हे बोल या पेठेच्या जोरावरच रूढ झाले.

या वाटेचा शेवटचा टप्पा मात्र फार महाग होता. मुंबईपर्यंतच्या अडीचशे मैलांचे काम रेल्वे करी, पण बार्शी ते बार्शी रोड एवढे अंतर बैलांच्या खांद्यावर राही. काळ्या जमिनीतला रस्ता पावसाळ्यात कसा होतो, हे या भागात कुणाला सांगायला नको. हंगामात शेकडो गाड्या एकामागे एक लागत. भाडे चढे, बैल थकत आणि स्टेशनावर गाठींचे ढीग साचत. लांबचा पल्ला स्वस्त झाला की जवळचा पल्ला किती महाग आहे ते डोळ्यांत भरते. त्यातूनच मोठ्या लाईनींना माल पुरवणाऱ्या छोट्या रेल्वेची कल्पना पुढे आली.

ही कल्पना बार्शीत रुजवली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने. १८५७ चा त्याचा जन्म. १८८२ मध्ये तो जीआयपी रेल्वेत इंजिनांचा निरीक्षक म्हणून भारतात आला. छोट्या रेल्वेचा विषय त्याने ध्यासच म्हणून घेतला. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने स्वतः भांडवल उभे करायचे ठरवले, सरकारशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला आणि अखेर १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली. माणूस विलक्षण होता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी त्याने ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले. अरबी घोड्यांची त्याला आवड होती आणि घोडा या विषयावर त्याने पुस्तकही लिहिले. त्याच्या आयुष्यातले हे दुसरे रंग मी पुस्तकात फार आणलेले नाहीत. बार्शीत त्याने काय केले, हेच मला जास्त मोलाचे वाटते.

त्याने केले ते एक गणित होते, आणि पुस्तकाचे दुसरे प्रकरण पूर्णपणे त्यालाच दिले आहे. इथे थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा इतिहास नुसता सनावळीसारखा वाटेल.

रूळ किती जाड लागतात, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका आसावर किती भार येतो, त्यावर ते ठरते. त्या काळच्या छोट्या रेल्वेमध्ये इंजिनाच्या आसावर भार जास्त असे आणि वाघिणीच्या आसावर कमी. म्हणजे रूळ टाकायचे ते इंजिनाच्या मापाने, आणि त्यावरून दिवसभर धावणार हलक्या वाघिणी. रुळांत घातलेला निम्मा पैसा वाया. कॅलथ्रॉपने ठरवले की गाडीतल्या प्रत्येक आसावर, इंजिनाच्या असो की वाघिणीच्या, पूर्ण भरल्यावर सारखाच भार आला पाहिजे : पाच टन. एवढ्या भाराला यार्डाला तीस पौंडांचा रूळ पुरतो. मोठ्या लाईनीचे रूळ याच्या दुपटीहून जड असत. मग लीड्सच्या किट्सन कंपनीकडून त्याने असे इंजिन बांधून घेतले की त्याचे वजन सहा आसांवर वाटले जाईल. चार आस ओढणारे आणि मागे दोन आधाराचे. वाघिणींना दोन-दोन आसांच्या बोग्या लावल्या. चार आसांचे वीस टन झाले. त्यात वाघिणीचे स्वतःचे वजन जितके कमी, तितका माल जास्त. म्हणून सांगाडे जाड लोखंडाऐवजी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे केले. सगळ्या वाघिणींची चौकट एकाच मापाची ठेवली, म्हणजे सुटे भाग एकमेकांना चालावेत आणि वरचा साठा गरजेप्रमाणे बदलता यावा.

रुळांमधले अंतर होते अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एवढ्या अरुंद वाटेवर इतका माल जाऊ शकेल यावर जाणकारांचा विश्वास बसेना. म्हणून डबे इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीची लाईन टाकून ते चालवून दाखवले गेले. बार्शीचा प्रयोग यशस्वी झाल्यावर छोट्या रेल्वेच्या जगात त्याचा दाखला दिला जाऊ लागला. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगरात १९०४ साली सुरू झालेली लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे कॅलथ्रॉपनेच बार्शीच्या धर्तीवर उभी केली. तिची इंजिने दिसायलाही हिंदुस्थानी वाटत, असे ती पाहणारे म्हणत. सोलापूर जिल्ह्यातल्या एका पेठेसाठी केलेले काम विलायतेत नमुना म्हणून गेले, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

या गणिताला एक मोठी तूट मात्र होती, आणि ती कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर दिसे. अरुंद रुळांवरची वाघीण रुंद रुळांवर जात नाही. बार्शीहून आलेली प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते इथे एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. लीक अँड मॅनिफोल्डवर कॅलथ्रॉपने मोठी वाघीणच छोट्या गाड्यावर चढवून नेण्याची सोय केली होती. कुर्डुवाडीत ते काम हमालांच्या पाठीने केले. कंपनीच्या हिशेबात हा खर्च थोडा दिसतो, कारण मजुरी थोडी होती. आकडे वाचताना हे विसरता कामा नये. स्वस्त रूळ, स्वस्त वाघीण आणि स्वस्त पाठ अशा तिघांच्या बळावर ही रेल्वे नफ्यात चालली. तिसऱ्या घटकाबद्दल अभियांत्रिकीच्या ग्रंथांत काही सापडत नाही. कुर्डुवाडी हे गाव मोठे झाले ते याच मालधक्क्यामुळे आणि पुढे तिथे उभ्या राहिलेल्या रेल्वे कारखान्यामुळे.

१८९७ हे सालही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दख्खनमध्ये दुष्काळ, मुंबई-पुण्यात प्लेग. दुष्काळात धान्य पोचवायला रेल्वे हवी, हा १८८० च्या दुष्काळ आयोगापासून सरकारचा मुख्य युक्तिवाद होता. तो अगदीच खोटा नव्हता. पण त्याच काळात दुसरी बाजूही ठामपणे मांडली जात होती. सोलापूरच्या हायस्कुलात मुख्याध्यापक राहिलेले रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे आपल्या पहिल्या अर्थशास्त्र्यांपैकी एक. उद्योगांची जोड नसलेली रेल्वे देशाला कच्च्या मालाचे कोठार करून टाकते, असे त्यांचे म्हणणे होते. रमेशचंद्र दत्तांनी रेल्वेपेक्षा कालव्यांवर पैसा घाला म्हणून सरकारला परोपरीने सांगितले. या वादाची परीक्षा घ्यायला बार्शी लाईटइतकी चांगली जागा दुसरी नसेल. इथे भरलेली वाघीण खाली जाई ती कापूस आणि गळिताची धान्ये घेऊन. वर येताना तिच्यात कापड, मीठ, रॉकेल, लोखंडी सामान असे. बार्शीत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, पुढे कापडाच्या गिरण्याही निघाल्या, म्हणून जोशींची भीती इथे पुरती खरी ठरली नाही. पण शिवारात पाणी आले नाही. त्याचा हिशेब शंभर वर्षांनी समोर यायचा होता.

रूळ पुढे सरकले, तशी पेठांची नशिबे बदलली. १९०७ मध्ये लाईन बार्शीहून येडशीचा घाट चढून तडवळ्यापर्यंत गेली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. वरवर पाहता बार्शीच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी होती, कारण तिची गाडी लांब गेली. प्रत्यक्षात मात्र आजवर बार्शीत येऊन थांबणारी बैलगाडी आता लातूरलाच थांबू लागली. शेतकऱ्याला रेल्वे सापडली की तो तिथेच माल विकतो. लातूर निजामाच्या हद्दीत होते. तिथे काही वर्षांतच, १९१७ साली, गंजगोलाई उभी राहिली. मधोमध गोल इमारत, तिच्याभोवती पेठ आणि सोळा दिशांना फुटलेले सोळा रस्ते. ही रचना मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मला तिच्यात मालगाडीचे वेळापत्रक दिसते. इतक्या वाटांनी आलेला माल सामावून घ्यायचा, तर तो रोजच्या रोज बाहेर नेणारे काहीतरी हवेच. डाळी आणि तेलबियांच्या व्यापारात आज लातूरचा जो दबदबा आहे, त्याचा पाया त्या काळात घातला गेला. बार्शी संपली नाही, पण तिचा एकाधिकार गेला. मालाच्या रेल्वेत शेवटचे स्टेशन असण्याला फार किंमत असते, आणि ती किंमत बार्शीकडून लातूरकडे गेली. दोन राज्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या या लाईनीवर जकात, नाणे आणि कायदा मध्येच बदलत असे. ते सांभाळणाऱ्या हुंडेकऱ्यांवर आणि मुनिमांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. माझ्या मते पुस्तकातले तेच सगळ्यात वाचनीय आहे.

पंढरपूरच्या फाट्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण मालाच्या इतिहासात वारी कशी येते हा प्रश्न वाचकाला पडेल. ती अशी येते. वर्षातल्या काही मोजक्या दिवसांच्या गर्दीला पुरतील इतके प्रवासी डबे कोणतीही कंपनी पदरी ठेवणार नाही. जत्रेच्या वेळी मालाच्या वाघिणींत माणसे बसवण्याची चाल तेव्हा देशभर होती. तिच्याविरुद्ध तक्रारी होत, चौकशा होत, तरी चाल टिकली. बार्शी लाईटही तिला अपवाद नव्हती. आषाढात पेरण्या उरकलेल्या असतात आणि कापसाचा हंगाम लांब असतो, म्हणून वाघिणी मोकळ्या असत. कंपनीला हे सोयीचे पडले. त्या वाघिणींत ज्या आयाबाया आणि म्हातारी माणसे ना बाक, ना पाणी अशा अवस्थेत चंद्रभागेपर्यंत गेली, त्यांची श्रद्धा कंपनीच्या जमेच्या बाजूला नगदी रकमेने पडली. हे लिहिताना राग येतो आणि तो मी लपवलेला नाही.

१९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ करीत लाईन मिरजेला मिळाली आणि लातूर ते मिरज असा सुमारे २०२ मैलांचा सलग मार्ग तयार झाला. मिरज आधीपासूनच मीटर गेजचे मोठे जंक्शन होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी पुण्याकडून ब्रॉड गेज आल्यावर तिथे तीन वेगवेगळ्या रुंदींचे रूळ शेजारी-शेजारी दिसू लागले आणि रेल्वेचे शौकीन ते पाहायला लांबून येत. मिरजेकडच्या या टोकाची कहाणी मी थोडक्यात आवरली आहे. माणदेशाच्या त्या कोरड्या टापूत तेव्हा वाघिणी भरतील इतके पिकतच नव्हते आणि लाईन पुरी होते न होते तोच रस्त्यावर मोटारी आल्या.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी विकत घेतली आणि ही रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली. स्वातंत्र्यानंतरही साडेसहा वर्षे विलायती कंपनीची गाडी या मुलखात धावत होती, हे आज अनेकांना ठाऊक नसते. पुढचा काळ उतरणीचा आहे. मालट्रक शेतातून थेट मुंबईच्या गोदामात माल उतरवतो, कुर्डुवाडीला गाठी खालीवर कराव्या लागत नाहीत. ज्या हमालीने नॅरो गेज स्वस्त ठेवले, तिच्यातच नॅरो गेजच्या मरणाचे बीज होते. माल गेला, प्रवासी राहिले, आणि लोकांच्या आठवणीत ही गाडी फक्त वारकऱ्यांची झाली. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात, थोडे पुढेमागे, टप्प्याटप्प्याने सगळी लाईन ब्रॉड गेज झाली. जुन्या वाटेने धाराशिव शहर बाजूला ठेवले होते. नव्या वाटेने वळसा घेऊन ते जोडले.

इथे पुस्तक संपवावे असा सल्ला मला काही मित्रांनी दिला होता. तो मी मानला नाही, कारण रूळ बदलले तरी वाट तीच राहिली आणि तिच्यावरच्या दोन घटना या इतिहासातून वगळता येत नाहीत.

पहिली एप्रिल २०१६ ची. लातूर शहराचे पाणी आटले. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने स्वच्छ केलेल्या टाकी-वाघिणी मिरजेला आणल्या, त्यांत कृष्णेचे पाणी भरले आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेने सुमारे ३४० किलोमीटर चालून १२ एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या आणि पावसाळा लागेपर्यंत हे चालू राहिले. कॅलथ्रॉपची अख्खी वाघीण मालासकट वीस टनांची होती. या एकेका वाघिणीत नुसते पाणीच पन्नास टन होते. रमेशचंद्र दत्तांनी रेल्वे की पाणी असा प्रश्न विचारला होता. ज्या मुलखातून शतकभर कापूस, तेलबिया, डाळी आणि पुढे उसाची साखर बाहेर गेली, त्या मुलखात रेल्वेलाच पाणी भरून यावे लागले. भरलेल्या वाघिणींची दिशा इतकी उलटी झालेली या लाईनीने दुसऱ्यांदा पाहिली नाही. त्या गाडीचे कौतुक खूप झाले आणि ती चालवणाऱ्या कामगारांचे ते व्हायलाच हवे होते. पण शंभर वर्षांचा जमाखर्च त्या वेळी कुणी मांडला नाही. तो या पुस्तकात मांडला आहे.

दुसरी घटना २८ डिसेंबर २०२० ची. त्या दिवशी देशातली शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्याहून, बंगालमधल्या शालिमारसाठी. सांगोल्याची डाळिंबे, द्राक्षे, सिमला मिरची, शेवग्याच्या शेंगा असा नाशवंत माल दोन हजार किलोमीटर पलीकडच्या बाजारात. १९२७ मध्ये ज्या टापूत वाघीण भरायला माल नव्हता, तिथून ती भरून निघाली. ठिबकच्या नळीने आणि सांगोल्याच्या शेतकऱ्याच्या चिकाटीने हे घडवले. भाड्यातल्या तेव्हाच्या निम्म्या सवलतीचा वाटा त्यात किती आणि सवलतीशिवाय हा व्यापार टिकतो का, यावर शेवटच्या प्रकरणात सविस्तर लिहिले आहे. माझे मत तिथे स्पष्ट आहे : फळ-भाजीच्या भाड्यातली सवलत ही मेहेरबानी समजू नये, कापसाच्या काळात या मुलखाने जे दिले त्याची ती उशिरा झालेली फेड आहे.

मजकुरात जुनी मापे, म्हणजे मैल, पौंड आणि टन, तशीच ठेवली आहेत, कारण कॅलथ्रॉपचे गणित त्या मापांतच नीट दिसते. गावांची नावे त्या त्या काळात चालत होती तशी वापरली आहेत.

या इतिहासाचा मोठा भाग अजून बार्शी, लातूर, मुरूड, पंढरपूर, सांगोला इथल्या घरांच्या माळ्यांवर पडून आहे. कंपनीचे अहवाल लंडनच्या भागधारकांसाठी लिहिलेले असत. अडत दुकानांच्या खतावण्या इथल्या माणसांनी, इथल्या मालासाठी लिहिल्या. कुणाच्या घरी जुनी बिल्टी असेल, हुंडेकऱ्याची वही असेल, मालधक्क्यावरच्या हमालांच्या टोळीची हजेरी असेल, तर ती रद्दीत घालू नका. वाचता येत नसेल तर मोडी जाणणाऱ्या कुणाला दाखवा, तिचे फोटो काढून जवळच्या ग्रंथालयात द्या. तीस पोती करडई कोणत्या तारखेला, कुणाच्या नावाने, किती भाड्याने कुर्डुवाडीला गेली, एवढी एक ओळ जरी मिळाली, तरी या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत तिला जागा आहे.